लहान मुलांच्या घरांतील अग्निसुरक्षा: आमच्या इमारतीतील प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल संध्याकाळी चौथ्या मजल्यावरील एका घरात नवरात्राच्या घटाजवळचा नंदादीप कलंडला. तीन वर्षांच्या मुलाने चौरंगावरील वस्त्राचे टोक ओढले, दिवा आडवा झाला आणि चौरंगामागे लावलेला नायलॉनचा पडदा खालून पेटला. मुलाच्या आईने प्रसंगावधान राखून पडदा दांडीसकट खाली ओढला, त्यावर जाड गोधडी टाकली आणि आग विझवली. कोणालाही इजा झाली नाही. आग विझायला दोन मिनिटेही लागली नसतील. परंतु त्यानंतरची दहा मिनिटे त्या घराने जे सोसले त्यातून हा प्रकल्प सुरू होत आहे. मूल सापडत नव्हते. आई, आजी आणि आजोबा तिघेही हाका मारत होते आणि मूल ओ देत नव्हते. अखेर ते पलंगाखाली ठेवलेल्या बॅगांच्या मागे, कानांवर हात ठेवून, भिंतीला चिकटून बसलेले आजींना दिसले. धुराचा वास येऊन मदतीला धावलेले आम्ही शेजारी त्या वेळी दाराबाहेर उभे होतो, कारण जाळीच्या सेफ्टी डोअरला आतून कुलूप होते. मूल दार उघडून जिन्याकडे पळू नये म्हणून किल्ली फ्रिजवर ठेवण्याची त्यांची रीत आहे, आणि त्या गडबडीत ती फ्रिजच्या मागे पडली होती.

आज कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघाला आणि काम माझ्याकडे देण्यात आले. आमची इमारत डोंबिवलीत असून सात मजली आहे; २८ घरांपैकी ११ घरांत सहा वर्षांखालील १४ मुले आहेत, त्यांत माझी चार वर्षांची मुलगीही आहे. एप्रिलअखेरपर्यंत या ११ घरांची पाहणी, दुरुस्ती आणि सराव पूर्ण करण्याचे ठरले. काय केले, काय फसले आणि का, हे लिहून राहावे म्हणून या नोंदी ठेवत आहे.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला. आज सकाळपासून सहा घरांची पाहणी केली. उरलेली पाच आठवड्याभरात होतील. पाहणीचा तक्ता तयार करताना मी गॅस, वीज, देवघर, काडेपेटी असे रकाने आखले होते. परंतु तिसऱ्या घरातच माझ्या लक्षात आले की सर्वांत महत्त्वाचा रकाना मी आखलेलाच नाही. मूल रांगू लागले की आपण घराला एकेक अडसर वाढवत जातो. खिडकीला बॉक्स ग्रिल बसवतो, सेफ्टी डोअरला कुलूप लावतो, मुख्य दाराची कडी मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी उंच नेतो आणि किल्ल्या नजरेआड ठेवतो. मूल पडू नये, हरवू नये, यासाठी हे सर्व आवश्यकच आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. मात्र आग लागल्यास हेच अडसर मुलाला आणि त्याला उचलून धावणाऱ्या मोठ्या माणसाला आत कोंडून ठेवतात. तेव्हा मुलाच्या हाताला न उघडणारी, पण मोठ्या माणसाला अंधारात, किल्लीवाचून, एका हाताने उघडता येईल अशी प्रत्येक कडी असली पाहिजे. यापुढचे सर्व काम मी याच कसोटीवर तपासणार आहे.

कसोटी मोजता यावी म्हणून एक साधी चाचणी ठरवली. रात्री साडेनऊनंतर घरातले दिवे मालवायचे, घरातील एका मोठ्या माणसाने अंथरुणावर आडवे व्हायचे, आणि मी घड्याळ सुरू करताच त्याने मुलाला कडेवर घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये यायचे. आज तीन घरांत ही चाचणी घेतली. एका घराला ४० सेकंद लागले, दुसऱ्याला १ मिनिट १५ सेकंद. तिसरे घर माझे स्वतःचे होते आणि तिथे १ मिनिट ५० सेकंद लागले, कारण किल्ली ज्या खणात होती त्यात आणखी सात किल्ल्या होत्या. या तिन्ही वेळा धुराविना आणि भीतीविना घेतलेल्या आहेत, हे मी तक्त्याच्या वरच लिहून ठेवले आहे.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

उरलेल्या घरांची पाहणी पूर्ण झाली. सर्वांत जास्त वेळ २ मिनिटे ४० सेकंद, पाचव्या मजल्यावर.

फराळाची तळणी सुरू होण्यापूर्वी स्वयंपाकघरांचे काम उरकणे आवश्यक होते, म्हणून आज दुपारी सोसायटीच्या कार्यालयात घरोघरच्या मंडळींना बोलावले. आई, आजी, दोन बाबा आणि स्वयंपाकाला येणाऱ्या तीन ताई अशा १९ जणी-जण आले. ताईंना मुद्दाम बोलावले होते, कारण दिवसातील बराच काळ गॅसच्या शेगडीजवळ त्याच असतात.

कढईतील तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही, हे बहुतेकांनी ऐकलेले होते; पण ते का, हे कळल्याशिवाय हात थांबत नाही, असे मला वाटते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी जाते, तापलेल्या तेलात तत्क्षणी त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. ती वाफ पेटते तेल उसळवून छतापर्यंत नेते. त्यामुळे शेगडीचे बटण बंद करायचे, कढई जागची हलवायची नाही आणि कढईपेक्षा मोठे झाकण किंवा परात कडेने सरकवत वर ठेवायची. तेल थंड होईपर्यंत झाकण उचलायचे नाही. चकल्या तळताना ती परात ओट्यावर, हाताशी काढून ठेवावी असे ठरले. तळणीच्या वेळी मुलांसाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रंगीत चिकटपट्टी लावून तिच्या आत पाऊल टाकायचे नाही, असा नियम करण्याचेही ठरले. रांगत्या बाळाला पट्टी समजत नाही, म्हणून त्या वेळी ते कोणाच्या मांडीवर असेल हे आधी ठरवावे लागेल.

गॅसबाबत एक गोंधळ दूर करावा लागला. आमच्याकडे सात घरांत पाइपचा गॅस आहे आणि चार घरांत सिलिंडर. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास वर जातो. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे मूल खेळत असते. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले की ठिणगी पुरते. मूळचा हा गॅस गंधहीन असतो. आपल्याला येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या रसायनाचा असतो. वास आला की विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही, एक्झॉस्ट फॅनसुद्धा लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, मुलांना घेऊन बाहेर पडायचे आणि बाहेरून सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी असलेल्या १९०६ या मदत क्रमांकावर कळवायचे.

चारही घरांतील रबरी नळ्या तपासल्या. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते. एका घरातील नळीवरचे साल २०१७ होते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर पुढील तपासणीची मुदत लिहिलेली असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दाखवतात आणि पुढचा आकडा साल दाखवतो. घरपोच सिलिंडर घेताना वजनाबरोबर हेही पाहायचे, असे त्या चार घरांनी मान्य केले.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज भाऊबीज. दिवाळी निर्विघ्न पार पडली. फुलबाजीची तार हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि विझल्यानंतरही बराच वेळ गरम राहते. म्हणून आवारात दोन बादल्या पाणी ठेवून जळून गेलेली प्रत्येक तार त्यात बुडवण्याचे काम मुलांकडेच दिले होते. फुलबाज्या उडवण्याइतकाच त्यांनी त्यात रस घेतला. नायलॉनचे झालरवाले फ्रॉक आणि ओढण्या घालून कोणी खाली येणार नाही, असे सांगितले होते. दोन मुलींना परत पाठवून सुती कपडे घालून यायला सांगावे लागले, आणि त्यांच्या आयांनी त्याचा राग मानला नाही, याचे मला बरे वाटले.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सेफ्टी डोअरच्या कुलपांचे काम. बाहेरून किल्लीने आणि आतून केवळ मूठ फिरवून उघडणारे लॅच नऊ घरांत बसवून झाले. मूठ जमिनीपासून पाच फुटांवर घेतली आहे. चाचणीसाठी पहिल्या घरातील पाच वर्षांच्या मुलाला उघडून पाहायला सांगितले, तर त्याने शांतपणे स्टूल आणून लावले आणि दार उघडले. त्यानंतर लॅचच्या वर एक साधी सरकती कडी घेतली, म्हणजे दोन हालचाली एकामागून एक कराव्या लागतात; आणि दाराजवळ स्टूल, बूट ठेवण्याचे कपाट किंवा पायरीसारखे काहीही ठेवायचे नाही, असा नियम जोडला. मोठ्या माणसाला या दोन हालचालींना चार सेकंद लागतात.

दोन घरांनी कुलूपच हवे असे सांगितले. एका घरातील आजोबांना विस्मरणाचा आजार आहे आणि ते रात्री बाहेर निघून जातात, त्यामुळे त्यांची अडचण खरी होती. तिथे किल्ली दाराच्या बाजूच्या भिंतीवर, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर, अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या पट्टीने वेढलेल्या खिळ्याला लावली. तिची जागा पाहुण्यांसह सर्वांना दाखवायची आणि ती किल्ली दुसऱ्या कोणत्याही कामासाठी काढायची नाही.

जिन्यातील सायकली, बाबागाड्या आणि कुंड्या हलवण्यास आज सुरुवात केली. लोकांची नाराजी झाली. बाबागाड्यांसाठी पार्किंगमध्ये जागा आखून दिल्याशिवाय हे टिकणार नाही, असे दिसते.

८ डिसेंबर २०२४, रविवार

धूर ओळखून आवाज करणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रे ११ घरांसाठी एकत्रित मागवली होती. ती काल आली. धूर वर चढतो, म्हणून ती छताला, झोपायच्या खोल्यांबाहेरील पॅसेजमध्ये बसवली. स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ बसवली नाहीत, कारण फोडणीने किंवा कापराने रोज वाजू लागलेले यंत्र लोक आठवड्याभरात काढून ठेवतात.

बसवण्याआधी एक गोष्ट तपासायची होती. गाढ झोपलेली लहान मुले अशा यंत्राच्या कर्कश आवाजाने सहसा जागी होत नाहीत, असे ब्रिटनमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांना आढळले होते. माझा त्यावर पटकन विश्वास बसला नव्हता, कारण माझी मुलगी कुकरच्या शिट्टीने दचकते. काल रात्री अकरा वाजता तिच्या खोलीबाहेर यंत्र पूर्ण अर्धा मिनिट वाजवले. शेजारच्या घरातून विचारणा आली, खालून वॉचमन वर आले, आणि मुलगी कूस बदलून झोपूनच राहिली. आज आणखी चार घरांनी हाच प्रयोग करून पाहिला. त्यांतील पाच मुलांपैकी एकच मूल उठून बसले, आणि तेही रडत जागच्या जागीच राहिले.

यातून निघणारा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. हे यंत्र मुलाला उठवण्यासाठी नाही. ते मोठ्यांना उठवते आणि मोठ्यांनी मुलाकडे जायचे असते. म्हणून कोणत्या मुलाला कोण उचलणार हे घरात आधी ठरलेले असले पाहिजे. दोन मुले असलेल्या घरांत आई आणि बाबा दोघेही धाकट्याकडे धावतील, ही शक्यता तिन्ही घरांनी स्वतःहून बोलून दाखवली. ११ घरांच्या दारामागे आता एकेक कागद लावला आहे. त्यावर मुलाचे नाव, त्याला उचलणाऱ्याचे नाव, ती व्यक्ती घरात नसल्यास दुसरे नाव, इमारतीबाहेर जमण्याची जागा म्हणजे गेटजवळचे कडुनिंबाचे झाड, आणि १०१ व ११२ हे क्रमांक आहेत.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

दुसऱ्या मजल्यावर तीन आठवड्यांचे बाळ आहे आणि बाळंतिणीची आई गावाहून आली आहे. त्यांनी बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठी कोळशाची शेगडी आणवली आहे आणि रोज अंघोळीनंतर ओवा, वावडिंग टाकून खोलीचे दार-खिडकी बंद करून धुरी देतात, असे मला बाळंतिणीनेच चिंतेने सांगितले. बाजेखाली निखारे, वर गोधड्या आणि सुती दुपटी, बंद खोली आणि हलता न येणारे बाळ, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर मी त्याच संध्याकाळी गेलो.

हा विषय अवघड होता, आणि तो नीट हाताळला गेला याचे श्रेय त्या आजींचेच आहे. मी त्यांना म्हणालो, “आजी, तुमच्या हातून चार बाळंतपणे झाली आहेत, मला त्यातले काही कळत नाही; मला फक्त कोळशाबद्दल बोलायचे आहे.” त्यांनी बसायला सांगितले. गावाकडच्या घरात कौलांतून आणि दारांच्या फटींतून धूर निघून जात असे. फ्लॅटच्या सरकत्या खिडकीची खोली हवाबंद होते, आणि जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो. तो साचला तर झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. कौलांचा मुद्दा त्यांना लगेच पटला. “आमच्याकडं धूर राहायचाच नाही खोलीत,” असे त्या स्वतःच म्हणाल्या. बाळाच्या डॉक्टरांनीही नाजूक फुप्फुसांना कोणताही धूर नको असे सांगितले होते, ते बाळंतिणीने त्या वेळी सांगितले. अखेर आजींनीच तोड काढली: तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी, तीही आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलेली, आणि सकाळचे कोवळे ऊन. शेगडी त्यांनी परत पाठवली.

याच घरात मच्छरदाणीच्या अगदी कडेला, जमिनीवर, डासांची जळती कॉइल ठेवलेली होती. ती मी स्वतः उचलली. मच्छरदाणी नायलॉनची असेल तर कॉइलच्या एका स्पर्शाने ती वितळते. मच्छरदाणी असताना कॉइलची गरज नाही, हे त्यांनी मान्य केले.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आजच्याच तारखेला, २०२१ साली, पहाटेपूर्वी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून १० अर्भकांचा मृत्यू झाला होता. ते घर नव्हते, रुग्णालय होते; परंतु स्वतः उठून जाऊ न शकणारे मूल म्हणजे काय, हे त्या दिवसाइतके मला दुसऱ्या कशानेच समजलेले नाही. मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. आज कामाला सुरुवात करण्यापूर्वी ही नोंद करावीशी वाटली.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे लागते. आज ती तपासणी झाली. तिसऱ्या मजल्यावरील होज रीलचा, म्हणजे आग विझवण्यासाठी गुंडाळून ठेवलेल्या पाण्याच्या नळीचा, नळ गंजून घट्ट बसला होता. तो बदलण्यास सांगितले आहे. पंप चालू स्थितीत आहे.

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदनानंतर सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच होता: विजेच्या स्कूटरच्या बॅटऱ्या घरात चार्ज करणे. आमच्याकडे तीन कुटुंबे रात्री बॅटरी वर नेऊन मुख्य दारालगतच्या सॉकेटला लावतात. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता, हे सभेत सांगितले. लिथियमच्या बॅटरीत एकदा आतून उष्णता वाढू लागली की ती स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि अतिशय थोड्या वेळात विषारी धुरासह पेट घेते. अशी बॅटरी बाहेर पडण्याच्या एकमेव दाराशी असेल तर तो मार्गच बंद होतो. पार्किंगमध्ये, खांबांच्या मोकळ्या बाजूला, स्वतंत्र एमसीबीसह (भार वाढताच वीज तोडणाऱ्या बटणासह) तीन चार्जिंगच्या जागा करण्याचा ठराव संमत झाला. खर्चाबद्दल बराच वाद झाला, पण ठराव झाला.

घरातील वायरिंगबद्दल बोलायला वेळ उरला नाही. एवढेच सांगितले की गीझर, एसी आणि इस्त्री एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये, आणि जमिनीपासून फूटभर उंचीवरील सॉकेटना झाकणे बसवावीत.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

सहाव्या मजल्यावरील अडीच वर्षांच्या मुलीच्या हातावर शुक्रवारी सकाळी चहा सांडला. टीपॉयवरील कापड ओढल्याने कप कलंडला. ज्वाळेपेक्षा गरम पाणी, चहा आणि वरण यांनी भाजलेली मुलेच आपल्या घरांत अधिक दिसतात, आणि आमच्या प्रकल्पात या बाजूकडे माझे लक्ष कमी गेले होते, हे मला मान्य करावे लागेल.

सुदैवाने मुलीच्या आईने ऑक्टोबरच्या बैठकीत शेवटी सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवली होती. तिने मुलीचा हात नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरला. मुलगी रडत होती, आजोबा टूथपेस्ट घेऊन आले होते, कोणी हळद लावायला सांगत होते, पण तिने हात हलवला नाही. या वेळी अंगाचा बाकीचा भाग टॉवेलने उबदार ठेवला, कारण लहान मुलांना चटकन थंडी भरते. नंतर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून रुग्णालयात नेले. हात, चेहरा किंवा सांध्यांवर भाजले असेल तर क्षेत्र लहान असले तरी मुलाला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. बर्फ लावायचा नाही, फोड फोडायचे नाहीत, कातडीला चिकटलेले कापड ओढायचे नाही. आता हात बरा होत आहे आणि व्रण राहणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

सर्व ११ घरांतील टीपॉयवरची कापडे काढण्यास सांगितले. अंघोळीच्या बादलीत आधी थंड पाणी आणि मग गरम पाणी घालायचे; हीटरची सळई लावलेली बादली असताना न्हाणीघराला बाहेरून कडी लावायची.

९ मार्च २०२५, रविवार

ग्रिलचे काम सर्वांत कठीण ठरले, आणि याच नोंदीवर मी सर्वाधिक वेळ घालवत आहे. ११ पैकी आठ घरांच्या सर्व खिडक्यांना पूर्ण वेल्डिंग केलेली बॉक्स ग्रिल आहेत. मुख्य दाराकडे आग असेल, तर या घरांना दुसरी वाट नाही. ग्रिलमध्ये उघडणारी चौकट ठेवावी, एवढे सांगणे सोपे आहे. पण चौथ्या मजल्यावरील त्याच आईने, जिच्या घरातील घटनेने हे सर्व सुरू झाले, मला थेट विचारले की वर्षातून एकदाही न लागणाऱ्या आगीसाठी तिने तीनशे पासष्ट दिवस उघडू शकणारी खिडकी का ठेवावी. हा प्रश्न चुकीचा नव्हता. मुले खिडकीतून पडल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

आम्ही दोघांनी फॅब्रिकेटरबरोबर तिच्या खिडकीपाशी दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी जी रचना ठरली ती अशी: हॉलमधील एकाच खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच चौकट, बिजागऱ्या बाजूला, वरच्या कडेला, खिडकीच्या कट्ट्यापासून चार फूट उंचीवर, दोन टोकांना दोन खिट्ट्या, ज्या एकाच वेळी दोन्ही हातांनी आत ओढल्याशिवाय चौकट हलत नाही. कुलूप नाही. खिट्ट्यांभोवती रेडियमची पट्टी. शिवाय खिडकीखाली पलंग, सोफा किंवा खेळण्यांची पेटी ठेवायची नाही.

या चौकटीतून चौथ्या मजल्यावरून कोणी उडी मारायची नाही, हे मी प्रत्येक घरात स्पष्ट सांगितले आहे. तिचा उपयोग वेगळा आहे. पॅसेज धुराने भरलेला असेल तर घराबाहेर पडायचेच नाही; आग आणि आपण यांच्यामधली दारे बंद करायची, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा, या खिडकीशी यायचे, १०१ ला मजला आणि खिडकीची बाजू सांगायची, आणि जवानांची शिडी येईल तेव्हा मुलाला हातांत देता येईल एवढी जागा मोकळी असायची. हे ऐकल्यावर ती आई म्हणाली, “म्हणजे ही उघडायची खिडकी नाही, ही हातात मूल द्यायची खिडकी आहे.” तिच्याच घरात पहिली चौकट बसली. आज सात घरांत काम पूर्ण झाले आहे. सातव्या मजल्यावरील भाड्याच्या घराला मालकाची परवानगी हवी आहे.

२३ मार्च २०२५, रविवार

मुलांबरोबरचे पहिले सत्र गच्चीवर झाले. आग या शब्दाने सुरुवात केली नाही. जमिनीपासून दोन फुटांवर एक चादर ताणून धरली, तिला धूर म्हटले आणि तिच्याखालून मांजरासारखे रांगत जायचे, असा खेळ मांडला. धूर वर साचतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली राहते, हे मुलांना चादरीवरून समजले. कपड्यांना आग लागली तर थांबा, झोपा, लोळा, हेही त्यांनी हसत केले; तोंड हातांनी झाकायचे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मग लपंडाव उलटा खेळलो: जो हाक ऐकून सर्वांत आधी “मी इथे आहे” असे ओरडत बाहेर येईल तो जिंकला. लपण्याची ओढ भीतीच्या वेळी उसळून येते आणि एका सत्राने ती जाणार नाही. घरोघरी आठवड्यातून एकदा हा खेळ घ्यावा, असे ठरले. काडेपेटी किंवा लायटर सापडला तर हात न लावता मोठ्यांना बोलवायचे आणि बोलावल्याबद्दल शाबासकी मिळते. रागवायचे नाही, ही सूचना आम्हा पालकांसाठी होती.

२० एप्रिल २०२५, रविवार

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, कापूस आणि स्फोटके भरलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि ती विझवताना अग्निशमन दलाचे अनेक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने जवळच्या अग्निशमन केंद्रातील एक अधिकारी आणि दोन जवान आज आमच्याकडे आले.

मी त्यांना आधीच एक विनंती केली होती, आणि तिची त्यांनी फार चांगली जाण ठेवली. एक जवान साध्या कपड्यांत मुलांमध्ये बसले, गप्पा मारल्या, आणि मग त्यांच्यासमोरच एकेक वस्तू अंगावर चढवत गेले: बूट, जाड कोट, पाठीवरचे हवेचे नळकांडे, शिरस्त्राण आणि शेवटी तोंडावरचा मुखवटा. मुखवट्यातून श्वासाचा खरखरता आवाज येऊ लागताच तीन मुले मागे सरकली. एक रडू लागले. जवानांनी मुखवटा काढला, हसले, पुन्हा घातला. हे सहा-सात वेळा झाले. धुरातून असा माणूस येताना दिसला तर मूल त्याच्यापासून लपते, असा त्यांचाही अनुभव असल्याचे त्यांनी सांगितले. शेवटी मुखवटा घातलेल्या जवानांनी जमिनीवर रांगत प्रत्येक मुलाचे नाव घेऊन हाक मारली आणि मुलांनी “मी इथे आहे” असे उत्तर दिले. चौथ्या मजल्यावरील मुलाने तिसऱ्या हाकेला उत्तर दिले. त्याच्या आजी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

त्यानंतर संपूर्ण इमारतीचा सराव झाला. लिफ्ट बंद ठेवली. ११ घरांतील सर्व मुले आणि त्यांचे ठरलेले मोठे कडुनिंबाखाली जमायला ५ मिनिटे १० सेकंद लागले. एका घरात ठरलेली व्यक्ती बाहेरगावी होती आणि कागदावरचे दुसरे नाव कोणालाच आठवले नाही.

२७ एप्रिल २०२५, रविवार

रात्रीची चाचणी या आठवड्यात पुन्हा घेतली. दहा घरांच्या वेळा ९ ते २६ सेकंदांच्या दरम्यान आहेत. विस्मरणाचा आजार असलेल्या आजोबांच्या घराला ३८ सेकंद लागले. किल्ली जागेवर होती, पण कुलूप जुने असल्याने अडते. ते बदलण्यास सांगितले आहे.

यंत्रांच्या बॅटऱ्या दर दसऱ्याला बदलायच्या, म्हणजे तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही. दारामागच्या कागदावरील दुसरे नाव महिन्यातून एकदा मोठ्याने वाचायचे. पार्किंगमधील तिसरी चार्जिंगची जागा मीटरच्या कामासाठी रखडली आहे. ते कुटुंब तोपर्यंत बॅटरी दिवसा, कोणी जागे असताना, बाल्कनीत चार्ज करणार आहे.

सातव्या मजल्यावरील भाड्याच्या घराच्या मालकांची परवानगी काल संध्याकाळी आली. बुधवारी अक्षय्य तृतीया असूनही फॅब्रिकेटरने सकाळी नऊला येण्याचे मान्य केले आहे. त्या घरात चौदा महिन्यांचे बाळ आहे. चौकट बसेपर्यंत ते तिघे आतल्या खोलीऐवजी हॉलमध्ये, मुख्य दाराजवळ अंथरूण घालून झोपत आहेत. पहिल्या दिवशी ही सूचना करताना मला संकोच वाटला होता, पण त्यांनी त्याच रात्री गादी बाहेर आणली होती.